अस्वल नव्हतंच

दीपमाला कोर्टात टायपिस्ट होती. चाळिशी ओलांडल्यावर शेजारच्या अर्पिताच्या नादानं तिनं पळायला सुरुवात केली. अर्पिता कॉलेजात खेळ शिकवायची. तिसरा फहीम, वेल्डिंगचं दुकान चालवणारा. पाय चालोत न चालोत, त्याचं तोंड अखंड चालायचं. तिघं रोज पहाटे बुलढाण्याच्या रस्त्यांवर पळत आणि थंडीत एकदा तरी रानवाटेनं लांबची दौड काढत. आधीच्या दोन्ही हिवाळ्यांत दीपमालानं ती अर्ध्यावर सोडली होती. दोन्ही वेळा नवरा मोटारसायकल घेऊन तिला आणायला गेला आणि काही बोलला नाही. ते न बोलणंच तिला लागलं होतं.

यंदा पठाराच्या काठाकाठानं, शेताशेतांतून, घाटाखालच्या राजूरला उतरायचं ठरलं. निघताना ती नवऱ्याला म्हणाली, "आज मी फोन केला तरी येऊ नका."

"बरं," तो पांघरुणातूनच म्हणाला.

उजाडलं तेव्हा तिघं गावाबाहेर पडले होते. थंडीनं बोटं वाकत नव्हती. तुरीच्या ओळींतून जाताना दवानं बूट भिजले, फहीमनं थंडीला चार शिव्या घातल्या, मग ऊन आलं आणि तो गाऊ लागला. पुढे सागाचं रान लागलं. इकडच्या रानात अस्वलं आहेत हे पोरासोरांनाही ठाऊक. पण दिवसा ती झोपतात, असं फहीमनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

रान संपलं आणि उतारावर हरभऱ्याचं शेत आलं. तिथं सुभद्राबाई भाजी खुडत बसल्या होत्या. रानातून तीन माणसं धापा टाकत पळत येताना त्यांनी पाहिली. हातातली भाजी टाकून त्या उठल्या.

"अस्वल! अवो, अस्वल आलं!" असं ओरडत, लुगडं सावरत त्याही पळत सुटल्या.

तिघांना वाटलं, बाईंना आपल्या मागे अस्वल दिसलं. मग मात्र ते खरे पळाले. दीपमालानं आयुष्यात पहिल्यांदा फहीमला मागे टाकलं. खोपीजवळ सुभद्राबाईंचे यजमान उकंडराव डबा बडवू लागले. शेजारच्या शेतातून दोघंजण काठ्या घेऊन धावत आले. खोपीशी पोचून सगळ्यांनी वळून पाहिलं. शेतात एक टिटवी तेवढी चालत होती.

"कुठी हाय?" उकंडरावांनी विचारलं.

"या लोकायच्या मांगं होतं ना," सुभद्राबाई म्हणाल्या.

"आम्ही नाही पाह्यलं, मौशी," फहीम म्हणाला. "तुम्हीच तं वरडल्या."

"मंग तुम्ही काऊन पयत होते?"

"असेच," अर्पिता म्हणाली. "दौड काढली आहे आम्ही. बुलढाण्याहून राजूरला."

"बस भेटली नाही काय?"

 काठीवाल्यांतला एक हसू लागला, मग सुभद्राबाई हसू लागल्या. हसता हसता त्या खालीच बसल्या. "मले तं लगनापासून कोनी इतकं पयवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

आता यांना उपाशी जाऊ देणं शक्यच नव्हतं. उकंडरावांनी गोवऱ्यांचा विस्तव केला, ज्वारीची कोवळी कणसं भाजली आणि तळहातावर चोळून गरम हुरडा पुढ्यात टाकत राहिले. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि दही. अर्पितानं सकाळी ‘वाटेत कमी खायचं’ असं बजावलं होतं. सगळ्यात जास्त तिनंच खाल्लं.

उठायची वेळ आली तेव्हा कळलं की फहीमचा घोटा सुजलाय. त्या धांदलीत बांधावरून उडी मारताना पाय मुरगळला होता.

"मी सोडतो गाडीवर राजूरले," उकंडराव म्हणाले.

अर्पिता दीपमालाकडे वळली. "ताई, आपणही रस्त्यापर्यंत चालत जाऊन बस धरू. पुढच्या महिन्यात करू पूर्ण. मलाच आता जड झालंय."

कारण चांगलं होतं. कोणी हसलं नसतं. दीपमालानं बुटाची नाडी सोडली, पुन्हा घट्ट बांधली.

"मले जायचं हाय," ती म्हणाली. "तू येतं का माह्यासंग?"

अर्पिता तिच्याकडे पाहत उठली.

घाटउताराच्या पायवाटेवर नेहमीचा क्रम उलटा झाला. दीपमाला पुढे, पोट धरून अर्पिता मागे. दगड निसटत होते, गुडघे कुरकुरत होते. वळणावर वानरांचा कळप वाट अडवून बसला होता. दीपमाला थांबली नाही. वानरंच बाजूला झाली. दोनदा अर्पिताच्या पोटरीत गोळा आला, दोनदा दीपमालानं तिचा पाय ताणून दिला. मग खाली राजूरची घरं दिसली आणि दीपमालाला एकदम रडू आलं. ते तिनं तसंच येऊ दिलं आणि ती पळत राहिली.

हॉटेलच्या बाकावर फहीम पाय वर करून बसला होता. त्यानं दोघींना पाणी दिलं आणि भज्यांची प्लेट पुढे सरकवली. "दीपाताई, पुढच्या खेपेले मी मांगं राहतो," तो म्हणाला.

बसमध्ये दीपमाला अर्पिताच्या खांद्यावर झोपली ती बुलढाण्यालाच उठली. घरी नवऱ्यानं विचारलं, "झालं?" ती म्हणाली, "झालं." तो चहा ठेवायला उठला.

सोमवारी कोर्टाच्या पायऱ्या ती कठडा धरून, आडवी पावलं टाकत चढली. काय झालं असं कोणी विचारलं नाही, तरी ती प्रत्येकाला सांगत होती.