नाझनीनची खुर्ची

नाझनीन हे फारसी नाव. लाडाकोडात वाढलेली, नाजूक, जिचे नखरे कुणीतरी हौसेनं झेलावेत अशी. मुलगी ग्रंथालयात नोकरीला लागली तेव्हा तिनं कोशात हा शब्द शोधला होता आणि घरी येऊन आईला अर्थ वाचून दाखवला होता. आई तेव्हा गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. दिवसभर बायकांच्या भुवया कोरून संध्याकाळी तिची बोटं मिटायची नाहीत. अर्थ ऐकून ती इतकी हसली की घमेल्यातलं पाणी सांडलं. "बरंय की मग," ती म्हणाली, "दुकान उघडं असेपर्यंत तरी मी लाडाची!"

आईचं ते नाव नव्हतंच. ते पार्लरचं नाव होतं, काचेवर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, आणि दाराजवळच्या पहिल्या खुर्चीमागे जी उभी राहील तिचं. खरीखुरी नाझनीन फार पूर्वी होऊन गेली. तिला ते नाव तिच्या आईबापांनीच दिलेलं, आणि तिच्या हाताला असा गुण होता की बायका लांबून यायच्या. ती लग्न करून निघून गेली तेव्हा आताच्या मालकिणीच्या सासूनं डोकं लढवलं. दुसरी एक बाई तिथं उभी केली आणि तिलाही नाझनीनच म्हणायला सुरुवात केली. गिऱ्हाईक तुटलं नाही. भुवया करून घेताना बायका डोळे मिटतात, दोन्ही हातांनी कातडी ताणून धरतात आणि बोलत सुटतात. वर कोण वाकलंय हे बघतं कोण?

त्या दुसरीच्या जागी तिच्याच हाताखाली शिकलेली आई आली. आणि काल संध्याकाळी आई गेली.

शेवटच्या घटकेला मावशी उशाशी होती. आईचे डोळे तिनंच मिटले. तीही त्याच पार्लरात, मागच्या खोलीत बायकांची डोकी धुवायची. सकाळी "दुकानात सांगून येते गं, ही आलेच," म्हणून गेली ती परतलीच नाही. फोनही उचलेना. दुपारी आईला न्यायचं होतं आणि शेजारचं जोडपं सोडलं तर घरात कुणी नव्हतं. मुलीनं एका जाड कागदावर आईचं खरं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली वेळ आणि पत्ता लिहिला आणि बाहेर पडली. कागद पार्लरच्या काचेवर चिकटवायचा आणि मावशीला घेऊन यायचं. ज्यांची रडगाणी आईनं वर्षानुवर्षं ऐकून घेतली, त्यांच्यातल्या दोघीचौघींनी तरी यावं, तिला तिच्या नावानं निरोप द्यावा, एवढंच तिला हवं होतं.

मावशी पहिल्या खुर्चीमागे उभी होती. अंगात आईचा एप्रन. मावशी काटकुळी, त्यामुळे नाड्या कमरेला दोनदा गुंडाळून गाठ मारलेली.

"ये गं. फार वाईट झालं," मालकीण गल्ल्यामागून म्हणाली. तिनं कागद घेतला, वाचला आणि पालथा घालून ठेवला. "पण हे काही मी लावणार नाही हं."

"आजच्या दिवस, मॅडम."

"आणि गिऱ्हाइकानं विचारलं, ही कोण बाई? तर काय सांगू? नाझनीन गेली म्हणून सांगू? मग ही उभी आहे ती कोण?"

"ती माझी मावशी आहे."

"ती दाराच्या बाहेर."

मुलगी मावशीकडे वळली. मावशी आरशातूनच तिच्याशी बोलली, खालच्या आवाजात. "रागावू नकोस, राणी. आज एक नवरी आहे. ती झाली की निघते. जन्म गेला माझा लोकांच्या डोक्यांचा फेस काढण्यात. आज इथं उभी राहिले नाही, तर उद्या दुसरी कोणी राहील."

"काल तू तिचा हात धरून बसली होतीस."

"बसले होते ना. ती जाईपर्यंत बसले होते. आता तिला काय त्याचं?"

तेवढ्यात दार ढकलून वकीलबाई आल्या. आईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण, मुलाचं बुडालेलं दुकान, सुनेची जीभ, सगळं आईच्या पोटात होतं आणि आईनं ते घरीसुद्धा कधी काढलं नाही. वकीलबाईंनी पर्स ठेवली, खुर्चीत बसल्या, मान मागे टाकली आणि डोळे मिटले.

"नाझनीन, अगं आमच्या महामायेनं काल काय केलं ऐक."

मावशीनं दोऱ्याचं टोक दातात धरलं, पीळ दिला आणि वाकली. "हं," ती म्हणाली. आई म्हणायची तसंच, तेवढंच.

वकीलबाई सांगत राहिल्या. एक भुवई झाली. मुलीला वाटलं, आता ओळखतील, आता डोळे उघडतील. त्या दुसऱ्या बाजूची कातडी ताणून धरत होत्या तेव्हा तिला राहवलं नाही.

"ताई, ही नाझनीन नाही. तुमची नाझनीन माझी आई होती. ती काल वारली."

वकीलबाईंनी एक डोळा उघडला.

"अगं बाई! कशानं?"

"पोटाचा आजार होता. आज दुपारी न्यायचं आहे. तुम्ही याल का?"

"आज? आज कोर्टात तारीख आहे गं माझी." त्यांनी आरशात पाहिलं. एक भुवई कमानदार, दुसरी झुडपासारखी. "आणि ही अशी अर्धवट घेऊन मी जाऊ कशी?"

"मावशी, दोरा काढ तोंडातला," मुलगी म्हणाली. "तू सांग त्यांना. तुझी सख्खी बहीण होती."

मावशीनं तोंड उघडलं नाही. दोरा ताणलेलाच राहिला. मालकीण मात्र हसली.

"नाही काढणार ती. तुझ्या आईनं तरी कुठे काढला होता? आधीची नाझनीन दवाखान्यात शेवटचे श्वास मोजत होती, आणि तुझी आई पहिल्याच दिवशी या खुर्चीमागे. त्या बाईची मुलगी आली होती धावत. तू उभी आहेस ना, तिथंच उभी होती. म्हणाली, आई तुम्हाला बोलावतेय, एकदा येऊन जा. तुझ्या आईनं वर मान करून पाहिलं नाही. काम केलं मुकाट्यानं."

"खोटं आहे," मुलगी म्हणाली.

"खोटं कशाला असेल?" वकीलबाई म्हणाल्या. "खुर्चीत मीच होते. चांगलीच रडली ती पोरगी. मला ओशाळल्यासारखं झालं, पण भुवया अर्ध्या टाकून जाता येतं का?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आई ती नव्हे, हे?"

"अगं, हात बदलला तर कळणार नाही होय? मी काय लाकडाची आहे? पण हाक मारायला एक नाव झालं की भागतं." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. त्या काही दुष्ट बाई नव्हत्या. "बरं, खरं नाव काय होतं गं तिचं?"

सकाळपासून मुलगी याच प्रश्नासाठी आली होती. कुणीतरी हे विचारावं म्हणून. तिनं नाव सांगितलं. ते उच्चारताना तिच्या डोळ्यांसमोर आई आली नाही. एक अनोळखी मुलगी आली, रडणारी, आणि तिच्याकडे पाठ करून वाकलेली एक बाई.

"छान होतं," वकीलबाई म्हणाल्या आणि डोळे मिटले. "हं, नाझनीन, कर चालू. तर मी काय सांगत होते, ती महामाया..."

मावशीनं दोरा ओढला. दोऱ्यात कातडी आली.

"आई गं! लागलं ना!"

भुवईच्या टोकाला रक्ताचा ठिपका उमटला. मावशीनं घाईघाईनं दोरा तोंडातून काढला, कापूस दाबला. मुलगी आली तेव्हापासून तिनं गिऱ्हाइकाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"माफ करा, ताई. नाझनीनच्या हातून असं कधी होत नाही."

ती आणखी काही बोलेल म्हणून मुलगी थोडी थांबली. मग बाहेर पडली.

दुपारी तिनं आणि शेजारच्या जोडप्यानं आईला नेलं. सगळं आवरून ती घरी आली तोवर अंधारून आलं होतं. मावशीही तेव्हाच जिना चढून आली, केसांच्या स्प्रेचा वास घेऊन. "नवरी अगदी खूश होऊन गेली," ती दारातच म्हणाली, आणि मग आठवल्यासारखं, "इकडचं झालं का गं नीट?"

मुलीनं मान हलवली आणि तिला आत घेतलं. तिला आता दुसरं होतंच कोण!