डावा बूट

नवऱ्याचे नवे बूट टाचेला चावत होते, म्हणून मी ते दुकानात परत द्यायला गेले. दुकानदाराने खोका उघडून बूट पाहिले, माझं क्रेडिट कार्ड मशीनला लावलं, चार बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं, ताई. पैसे कार्डावर परत येतील."

"आणि त्याची पावती?"

"पावती कशाला? आठवडाभरात आपोआप येतात. विश्वास ठेवा हो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चेहऱ्यावर हसू ठेवून मी खोक्यातला डावा बूट उचलला आणि सरळ पिशवीत टाकला.

"अहो, हे काय?"

"डावा आठवडाभरात आपोआप येईल. विश्वास ठेवा हो!"

"एका बुटाचं मी काय करू?"

"आणि पैसे आले नाहीत, तर मी बँकेत काय दाखवू? तुमचं तोंड?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मशीनमधून पावती कुरकुरत बाहेर आली. ती नीट वाचून मी पर्समध्ये घातली आणि बूट परत केला.

त्याने तो उजव्याशेजारी ठेवला, मग उलटा करून तळव्यावरचा नंबर पाहिला, पुन्हा पाहिला.

"काय हो," मी विचारलं, "विश्वास नाही वाटतं?"