हॅनाच्या रेघा

प्रबंध समितीचे अध्यक्ष डॉ. हॅलोरन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच सुलेखाला कळलं की आता तिसऱ्या प्रकरणावर गदा येणार.

"एवढं प्रकरण काढा, मी आत्ता सही करतो," ते म्हणाले. "बाकीचा प्रबंध उत्तम आहे."

सुलेखा हर्डीकर अमेरिकेतल्या ट्रॉय या गावाहून तासभर ड्राइव्ह करून विद्यापीठात आली होती. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीच्या धामधुमीत ब्रिटनमधल्या सुधारणावाद्यांचं काय झालं, हा तिचा विषय. मुलगी दीपाची शाळा, नवरा गुरुदत्तच्या मोटार कंपनीतल्या वेळा, घरचा देवधर्म, सगळं सांभाळत तिने सात वर्षं यात घातली होती आणि विद्यापीठाची मुदत या डिसेंबरात, शहाऐंशी साल संपता संपता, पुरी होत होती. प्रकरण काढलं तर डॉक्टरेट आज. हट्ट धरला तर कदाचित कधीच नाही.

प्रकरण होतं हॅना नावाच्या नॉर्विचच्या एका विणकराच्या बायकोवर. त्या काळी कॅरिबियन बेटांवर गुलाम राबवून साखर निघत असे, आणि त्याचा निषेध म्हणून हजारो ब्रिटिश घरांनी साखर सोडली होती. हॅनानेही सोडली. तिच्या रोजनिशीच्या शेवटच्या पानांवर नुसत्या उभ्या रेघा होत्या, ओळीच्या ओळी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक तारीख. ग्रंथालयाच्या सूचीत लिहिलं होतं: डोकेदुखीचे दिवस. सगळ्यांनी तेच धरलं. पहिली सहा वर्षं सुलेखानेही.

मग यंदाच्या श्रावणात वसुधाकाकूंकडे सत्यनारायण झाला. सुलेखा दर चातुर्मासात साखर सोडते, लग्नाच्या आधीपासून. काकूंनी हातावर प्रसादाचा शिरा ठेवला आणि तिने बोलता बोलता खाऊन टाकला, वर अजून मागून घेतला. घास गिळल्यावर लक्षात आलं.

"अगं, प्रसादाला दोष नसतो," काकू म्हणाल्या.

"प्रसादाला नाही हो काकू. पण मी अजून मागितला, त्याचं काय?"

"मग आता काय करणार?"

"उद्यापासून पहिला दिवस."

"संजीव बघ," काकू आपल्या मुलाला म्हणाल्या, "तुला डाएट दोन दिवस टिकत नाही आणि ही बाई पुन्हा एकपासून मोजतेय."

"काकू, प्लीज," संजीवला सावरून घेत गुरुदत्त मध्येच म्हणाला, "तिच्या नादाने मलाही बिनसाखरेचा चहा प्यावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सुलेखाने कॅलेंडरच्या कोऱ्या कडेला नवी तारीख घातली, तिच्यापुढे एक रेघ ओढली, आणि पेन हातात तसंच राहिलं. असं पान तिने आधी पाहिलं होतं.

"आई, व्हाय आर यू स्टेअरिंग ॲट द कॅलेंडर?" दीपाने विचारलं.

"एका बाईची ओळख पटली," सुलेखा म्हणाली.

आता समितीसमोर त्या बाईची बाजू मांडायची होती. सुलेखाचा आवाज मुळातच बारीक. समितीतले चौघं जरा पुढे झुकले.

"सर, मी प्रकरण काढणार नाही," ती म्हणाली. रोजनिशीच्या फोटोकॉपीतला एक कागद तिने हॅलोरनांकडे सरकवला. "ही चार मार्चची ओळ आहे, सन सतराशे ब्याण्णव. रेघा मोजता का?"

त्यांनी पेन्सिल घेतली. एकेका रेघेवर टोक टेकवत मोजलं.

"एक्केचाळीस."

"चार मार्चपासून तेरा एप्रिलपर्यंत बरोबर एक्केचाळीस दिवस होतात. सलग एक्केचाळीस दिवस कुणाचं डोकं दुखत नाही. आता या दुसऱ्या कागदावरची चौदा एप्रिलची नोंद वाचा."

"'शनिवार. भावाकडे जेवण. वहिनीने आग्रहाने पुडिंग वाढलं,'" हॅलोरनांनी वाचलं. मग ते पुन्हा रेघांच्या कागदाकडे वळले. "नवी ओळ पंधरा एप्रिलला."

"अशा चार ओळी तुटल्यात. चारही वेळा नवी ओळ सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ती दुसऱ्याच्या घरी जेवली आहे. ती नेम मोडल्यावर पुन्हा एकपासून मोजत होती."

"मानलं," हॅलोरन म्हणाले, पण पेन्सिल त्यांनी खाली ठेवली नाही. "तरी ही भावना झाली. फार तर श्रद्धा. राजकीय विचार म्हणजे युक्तिवाद, पत्रकं, सभा."

"तिला मताचा अधिकार नव्हता, सर. सभेत उठून बोलायची सोय नव्हती. घरात काय येईल आणि तोंडात काय जाईल, एवढंच तिच्या हाती होतं." सुलेखाने रेघांच्या कागदावर बोट ठेवलं. "भावनेच्या भरात सोडलेली गोष्ट पहिल्या पुडिंगला संपते. मनाशी नीट विचार करून ठरवलेली असेल, तरच माणूस दुसऱ्या दिवशी निमूटपणे पहिली रेघ ओढतो. हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. मी दरवर्षी करते, म्हणून माहीत आहे."

तिने शेवटचा कागद पुढे सरकवला.

"आणि शेवटची ओळ बघा. सतराशे त्र्याण्णवमध्ये फ्रान्सशी युद्ध पेटलं, सरकार सुधारणावाद्यांना धरायला लागलं, तिच्या नवऱ्याने सभेला जाणं बंद केलं. आपण शिकवतो की त्या वर्षी चळवळ थंडावली. हॅनाची शेवटची ओळ त्याच वर्षी जूनमध्ये सुरू होते आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात वही संपेपर्यंत तुटत नाही. पुरुष गप्प बसले तेव्हा चळवळ स्वयंपाकघरात चालू होती. माझा सगळा प्रबंध एवढंच म्हणतो. हे प्रकरण काढलं तर तो काहीच म्हणत नाही."

तिला बाहेर बसायला सांगितलं. ती बाकावर बसली, मनातल्या मनात विष्णुसहस्रनाम सुरू केलं, आणि शंभर नावांच्या आत दार उघडलं.

हॅलोरन स्वतःच आले होते. हातात तिचा जाडजूड प्रबंध, वर चौघांच्या सह्यांचं पान.

"वीस वर्षं मी वर्गात डोकेदुखीच सांगितली," ते म्हणाले. "डॉक्टर हर्डीकर, तिसरं प्रकरण राहू देऊ नका."

सुलेखा उभी राहिली.

"ते पहिलं करा. पुस्तक छापाल तेव्हा वाचकाला दारातच हॅना भेटली पाहिजे."

कोपऱ्यातल्या पब्लिक फोनवरून तिने घरी फोन लावला.

"काय झालं?" गुरुदत्तने विचारलं.

"प्रकरणांचे नंबर बदलायचेत," ती म्हणाली, आणि आपला आवाज सबंध कॉरिडॉरभर ऐकू जातोय हे लक्षात येऊनही तिने तो खाली आणला नाही. "पहिल्या तिन्हींचे. डॉक्टर हर्डीकर बोलतेय."