चांदण्यांची ओळ

लोरेन कोवाल्स्की आठवडाभर धुमसत होती. संगणकाला हुकूम कसे द्यायचे हे शिकवणारं पुस्तक तिनं दोन वर्षं खपून लिहिलं होतं. विभागप्रमुख व्हिटलॉकनं ते "कोण वाचणार हे?" म्हणून परत केलं होतं.

न्यू जर्सीतल्या त्या प्रयोगशाळेत तेव्हा पडदे नव्हते. संगणकाचं उत्तर टेलिटाइप यंत्र खडखडत कागदावर छापी. आज मुख्य कचेरीतून दोन पाहुणे आले होते, म्हणून व्हिटलॉक स्वतः यंत्रापुढे बसला होता.

"तुझा प्रोग्राम काम झालं की गप्प बसतो, लोरेन. पाहुण्यांना वाटेल, बंद पडला. जरा स्वागत छापू या. दोन्ही बाजूंना तीन-तीन चांदण्या, त्या ताऱ्याच्या खुणा."

"काम नीट झालं की गप्प बसायचं, ही इथली रीतच आहे."

"मग तूही पाळ की कधीतरी!"

पाहुणे हसले. व्हिटलॉकनं 'एको', म्हणजे 'पुढचं छाप' हा हुकूम, टाइप केला, मग चांदण्या, 'स्वागत', पुन्हा चांदण्या.

"अवतरणचिन्हं राहिली..." लोरेन म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

लोरेन खांदे उडवून मागे सरली. अवतरणचिन्हांविना उघडी चांदणी दिली की संगणक तिच्या जागी, बसलेल्या माणसाच्या कप्प्यातल्या सगळ्या फायलींची नावं छापतो, हे तिच्या पुस्तकात तिसऱ्याच पानावर होतं.

यंत्र खडखडलं. कागदावर 'स्वागत'च्या दोन्ही बाजूंना व्हिटलॉकच्या फायलींची नावं उमटली : बजेट, गोल्फ, व्हिटलॉक-पुस्तक.

"अरे वा, पुस्तक लिहिताय?" एका पाहुण्यानं विचारलं.

"हो... सवडीनं चाललंय."

पुस्तक? लोरेनला शंका आली. तिनं त्याच्या खांद्यावरून वाकून ती फाइल छापायचा हुकूम दिला.

"थांबव ते!"

"का? गप्प बसलं तर बंद पडल्यासारखं वाटतं ना?"

सेकंदाला दहा अक्षरं. आधी लेखक म्हणून व्हिटलॉकचं नाव आलं. मग प्रस्तावना, तिच्याच शब्दांत. मग पहिलं उदाहरण, नमुन्याला घेतलेली एक पाककृती : 'स्टेफानियाच्या हातचे पिएरोगी, म्हणजे कोबीच्या उकडलेल्या करंज्या. कणीक सैल मळावी.'

"ही स्टेफानिया कोण?" दुसऱ्या पाहुण्यानं विचारलं.

व्हिटलॉकचा हात यंत्र बंद करायच्या बटणाकडे गेला. लोरेननं मध्ये आपला हात घातला.

"सांगा ना, कोण ते."

व्हिटलॉकनं हात मागे घेतला.

"माझी आई," ती म्हणाली. तिनं छापलेला कागद टर्रकन फाडून पाहुण्यांच्या हातात दिला. यंत्र खडखडतच होतं. "अजून एकशे चाळीस पानं आहेत. बसून घ्या. आज सगळी छापणार आहे मी."