न मोजता घेतलेला मुलूख

दचकू नका, मी जमीन मोजायची साखळी बोलतेय. खरं तर दचकायची सवय माझीच. कुणी जरा ओढलं की अंगभर खणखणाट होतो आणि वाटतं, आपलं काही चुकलं का?

माझा जन्म फिलाडेल्फियाचा. लोहार माझ्या कड्या जोडत होता, तेव्हाच दुकानात बातमी आली. आपल्या सरकारनं मिसिसिपीच्या पश्चिमेचा मुलूख फ्रान्सकडून विकत घेतला. देशाचं वय ते काय, लोहाराच्या थोरल्या मुलीएवढं. आणि एका सहीत तो दुप्पट झाला!

"केवढा आहे म्हणे मुलूख?" लोहारानं विचारलं.

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही," गिऱ्हाईक म्हणालं.

दोघं दारात जाऊन कितीतरी वेळ पश्चिमेकडे बघत राहिले. समोर खाटकाची भिंत होती, तरी बघत राहिले. 

मला विकत घेतलं असाहेल प्रुइट नावाच्या मोजणी साहेबांनी. सरळ माणूस, पण हट्टी. नावेतून आम्ही मिसिसिपीवर पोचलो. एवढं पाणी! आणि त्याच्या पलीकडे एवढी जमीन! मी मूठभर लोखंड, मी हिला कशी पुरणार?

पहिलं काम नदीकाठच्या एका फ्रेंच गावात निघालं. तिथली शेतं म्हणजे नदीपासून टेकडीपर्यंत गेलेले लांबच लांब पट्टे, एकाला लागून एक. साहेबांनी गावातल्याच ओनेझिमला मला ओढायला ठेवलं. मागून साहेब ओरडायचे, "रोव!" पुढून ओनेझिम खुंटी ठोकून ओरडायचा, "रोवली!" दिवसभर हेच.

वरच्या अंगाच्या पट्ट्यापासून मोजत निघालो. गावाच्या जुन्या कागदावरच्या मापाशी कुंपणं जुळेनात. प्रत्येक पट्टा कागदापेक्षा थोडा रुंद. फरक साचत गेला, आणि शेवटच्या पट्ट्यावर पोचलो तेव्हा पेलाजी कुर्तमांश या म्हातारीचं घर, तिच्या नाशपातीच्या झाडांसकट, हद्दीबाहेर पडलं. हद्दीबाहेरची जमीन सरकारची, म्हणजे लिलावाची.

"काकू, तुमचं घर हद्दीच्या बाहेर आहे," साहेब म्हणाले.

"घर आहे तिथंच आहे. हद्दच चालत आली असेल, तुमच्याबरोबर, नावेतून."

"साहेब, यांच्या तोंडी लागू नका," ओनेझिम हळूच म्हणाला, "तीन नवरे गप्प केलेत यांनी."

"चौथा तू होतोस का रे मेल्या? जा, देवळाच्या माळ्यावरून गावाची दोरी आण!"

ती दोरी कच्च्या चामड्याची. पूर्वी तिनंच गाव मोजलेलं. वाळलेली होती तेव्हा कागदातल्या मापाला बरोबर उतरली. साहेबांनी मान डोलावली. मग काकूंनी ती नदीत बुडवली आणि माझ्याशेजारी ताणायला लावली. अगंबाई! ती लांबत गेली. मी संपले, तरी ती अजून होतीच.

"पुराच्या साली मोजलं होतं," काकू म्हणाल्या. "गुडघाभर पाण्यात. सगळ्या गावाला ओल्या दोरीचं माप मिळालं. मग मी एकटीनंच का घर सोडायचं?"

"पण कागद—"

"कागद राहू द्या. तुमच्या सरकारनं अख्खा मुलूख घेतला, तो कुठल्या साखळीनं मोजून घेतला?"

साहेब वही चाळू लागले.

"मग कशावरून घेतला?"

"नदीवरून," साहेब चाचरत म्हणाले. "या नदीला जिथून जिथून पाणी येतं, तिथवर."

"मग माझाही तसाच. नदीपासून कुंपणापर्यंत."

साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं.  मग ते कुंपणापाशी गेले आणि म्हणाले, "इथं रोव." काकूंनी नाशपात्या कापून सगळ्यांना दिल्या. साहेबांना जरा कच्चीच दिली.

तिथून आम्ही पश्चिमेला निघालो. कुंपण नाही, देऊळ नाही. नुसतं गवत, थेट आभाळापर्यंत. तिथंच पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या ओसाज जमातीची माणसं घोड्यावरून आमचं काम बघत थांबली. त्यांची बोली ओनेझिमला येत होती. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, "हे काय चाललंय?"

"विकत घेतलेली जमीन मोजतोय, बाबा."

"कुणी विकली?"

"समुद्रापलीकडच्या धन्यानं."

"तो इथं कधी राहायचा?"

ओनेझिमला या वेळी थट्टा सुचली नाही. त्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेब आजूबाजूला कुंपण शोधत होते. कुंपण नव्हतं. त्या माणसांना त्याची गरजच कधी पडली नव्हती.

साहेब माझ्या मागच्या टोकाशी गेले. मग मागून हाक आली, पण बारीक आवाजात, "रोव."

ओनेझिमनं खुंटी ठोकली. "रोवली" मात्र म्हणाला नाही.

आता मी एका काचेच्या पेटीत आहे. गंजलेय. मुलं येतात, नाक काचेला लावून म्हणतात, "बाप रे, हिनं एवढा देश मोजला?" मोजला, बाळांनो.  पण माझं कौतुक करून झालं की एकदा त्या घोड्यावरच्या बाबांचा शेवटचा प्रश्नही विचारा. मला ताणून ताणून ओढलं, तरी त्याचं उत्तर माझ्या एकाही कडीत सापडलं नाही.