अस्वलं लांब ठेवायचा उपाय

जंगलाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं मामा, मामी आणि भाचीला बजावलं, "तळं आणि धबधबा तासाभरावर आहे, वाट सोपी आहे. फक्त मोठमोठ्यानं बोलत चला, म्हणजे अस्वलं आपणहून लांब जातात."

मामीला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षांच्या संसारात आपल्या नवऱ्याला कुणी बोलायची विनंती केलेली ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मामा कामगिरीवर निघाले. ऑफिसातल्या फायलींना रंगीत नाड्या बांधायची कल्पना मुळात त्यांची कशी होती आणि साहेबानं ती स्वतःच्या नावावर कशी खपवली, हे पहिल्या वळणालाच सुरू झालं. अस्वलं सोडाच, झाडावर पाखरू उरलं नाही. तळ्याकाठी बसलेल्या एका जोडप्यानंही मुकाट्यानं चटई गुंडाळली.

धबधब्यापुढे मात्र मामांची डाळ शिजेना. त्यांचं बोलणं त्यांनाच ऐकू येईना. ते रुसून सावलीत आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला.

मामीनं तळ्यात पाय सोडले. कितीतरी वर्षांनी तिच्या डोक्यात कुणाचीच फाईल नव्हती.

तेवढ्यात समोरच्या काठावरची झुडपं हलली आणि एक अस्वल पाणी प्यायला खाली वाकलं. भाचीनं मामीचं मनगट घट्ट धरलं.

"मामी, मामांना उठवू? ते बोलले की जाईल ते."

मामीनं अस्वलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"राहू दे गं," ती म्हणाली. "त्यालाही घटकाभर निवांत बसू दे."