पुलावरचं पुष्पचक्र

गल्लीत त्यांना सगळे चक्रवाल्या काकू म्हणत. वात्रट पोरं त्याचं ‘चक्रम काकू’ करून पळायची, आणि काकू आतून ओरडायच्या, "चक्रम आहेच मी! त्याशिवाय का दिवसभर गोल गोल फिरवत बसलेय?"

दुकान अरुंद होतं. फरशी कायम ओली, भिंतीला खिळ्यांवर तारेची लहानमोठी कडी टांगलेली, खाली बादल्यांत पानंफुलं. काकू कड्यावर आधी ओलं शेवाळ बांधायच्या, मग पानांच्या जुड्या, एकीचे देठ दुसरीनं झाकत. शेवटची जुडी पहिलीच्या पोटाखाली अशी सरकवायच्या की चक्र कुठं सुरू झालं ते शोधूनही सापडू नये.

नव्या घराच्या दारावर लावायला, पोहण्याच्या शर्यतीत जिंकलेल्या मुलीसाठी, वारलेल्या मास्तरांच्या फोटोपुढे ठेवायला, अशी सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एकदा एकानं विचारलं, "काकू, आनंदाचं आणि दुःखाचं चक्र वेगळं कसं ओळखायचं?"

"डोक्याला बसलं तर कौतुकाचं," काकू म्हणाल्या. "कुणाच्याच डोक्याला बसणार नाही एवढं मोठं केलं, की आठवणीचं. ज्याचं आहे तो काही घालायला येणार नसतो."

काकूंचा नवरा वेल्डर होता. नदीवर नवा पूल होत होता, तिथं कामाला. एका दुपारी परांची कोसळली आणि तो मुकादमासकट पाण्यात गेला. त्यांना काढायला साइटवरच्या पाणबुड्यानं उडी घेतली. तो दोनदा वर आला, तिसऱ्यांदा आलाच नाही.

कंपनीनं तिन्ही घरी एकेक पुष्पचक्र पाठवलं. काकूंच्या घरी आलेल्या चक्राची पानं करपलेली होती, तार बाहेर आलेली, आणि फितीवर नाव नव्हतं, नुसतं ‘कामगारास’ असं छापलेलं. काकूंनी ते उचललं आणि ज्या दुकानातून आलं होतं त्या दुकानात जाऊन गल्ल्यावर आपटलं.

"माणूस गेलाय माझा. त्याचा एवढाच मान?"

म्हाताऱ्या दुकानदारानं मान खाली घातली. "चुकलं बाई. हात थरथरतात आता. मदतीला कुणी नाही."

"मग मला शिकवा," काकू म्हणाल्या.

भांडायला गेलेल्या काकू तिथंच कामाला लागल्या. म्हातारा गेल्यावर दुकान त्यांनीच सांभाळलं. गावातल्या कुठल्याही गेलेल्या माणसाला त्यांच्या हातून करपलेलं पान किंवा बिननावाची फीत गेली नाही. फक्त नवऱ्यासाठी त्यांनी कधी चक्र केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हात वळत नाही." नदीकडेही त्या फिरकल्या नाहीत.

पुलाचं काम बंद पडलं. पाण्यात नुसते खांब उभे राहिले. बऱ्याच वर्षांनी ते काम दुसऱ्या कंपनीनं हाती घेतलं, तोवर काकूंची लेक क्रेन चालवायला शिकली होती. तिनं नेमका त्याच पुलावर अर्ज केला. काकूंनी तिच्याशी बोलणं टाकलं. मग एका सकाळी तिच्या हातात जाडजूड स्वेटर ठेवत म्हणाल्या, "वर केबिनमध्ये गार लागत असेल." त्यानंतर घरात त्यावर कधी वाद झाला नाही.

पूल पुरा होत आला तेव्हा एका संध्याकाळी लेक कामावरून थेट दुकानात आली. हेल्मेट टेबलावर ठेवून म्हणाली, "आई, शुक्रवारी शेवटचा गर्डर चढवायचाय. क्रेन माझ्याकडे आहे."

"बरं झालं. मोठ्या इंजिनिअरनी तुलाच निवडलं?"

"मलाच. आणि गर्डरला पुष्पचक्र बांधून वर न्यायचं ठरलंय. काम फत्ते झाल्याचं. ऑर्डर तुलाच द्यायला सांगितलीय."

काकूंनी कात्री उचलली. "केवढं हवं?"

लेकीनं भिंतीवरच्या मोठ्या कड्यांकडे पाहिलं. "साइटवरच्या सगळ्या माणसांचं म्हणणं आहे, चक्र बाबांचं असावं. बाबांचं, मुकादमकाकांचं आणि पाणबुड्याकाकांचं. साहेब आधी म्हणाले, आनंदाच्या दिवशी ते नको. पण फोरमन म्हणाला, साहेब, ज्या खांबांवर आपण उभे आहोत ते त्यांनीच उभे केलेत. मग साहेबांनाही पटलं."

काकू बादलीतली पानं उगाच वरखाली करू लागल्या.

"तुला जमणार नसेल तर आम्ही दुसरीकडून आणतो," लेक हळूच म्हणाली.

"दुसरीकडून?" काकूंचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याचं चक्र दुसरीकडून?"

आणि मग त्या मटकन स्टुलावर बसल्या. "इतकी वर्षं वाटायचं, मी माझ्या हातानं केलं की तो गेला हे मीच कबूल केलं. बाकी सगळ्यांनी कधीच केलंय. मी एकटीच अडून बसले होते." पदरानं डोळे पुसून त्यांनी भिंतीवरचं सगळ्यात मोठं कडं दाखवलं. "ते काढ. माझा हात पोचत नाही."

दोघींनी मिळून काम केलं. गडद हिरवी, जाड, चकचकीत पानं, कारण उंचावरच्या वाऱ्यात नाजूक पान टिकत नाही. पांढरी फुलं तीनच ठिकाणी, घट्ट झुबक्यांत. रुंद फितीवर काकूंनी स्वतः ब्रशनं तिघांची पूर्ण नावं लिहिली. पाणबुड्याचं नाव त्यांनी सगळ्यात आधी घेतलं.

"बाबांचं आधी नको?" लेकीनं विचारलं.

"ते दोघं पडले. हा स्वतःहून गेला. बाबांनाही हेच आवडलं असतं."

शुक्रवारी सकाळी काकू इतक्या वर्षांनी नदीवर आल्या. मुकादमाची बायको आली होती, पाणबुड्याचा भाऊ आला होता. दोघांनी फीत वाचली. भावानं नावावरून बोट फिरवलं आणि काकूंचे दोन्ही हात धरून ठेवले.

गर्डरच्या टोकाला चक्र बांधलं गेलं. क्रेनचा आवाज वाढला आणि ते अगडबंब लोखंड जमिनीवरून अलगद सुटलं. ते निम्म्या उंचीवर असताना नदीवरून वारा आला. गर्डर एका बाजूनं झोके घ्यायला लागला.

मोठे इंजिनिअर वॉकीटॉकीवर म्हणाले, "ताई, खाली घ्यायचा का? चक्र काढू या, त्यात वारा भरतोय."

फोरमनच्या हातातल्या यंत्रातून लेकीचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, वारा गर्डरला लागतोय, फुलांचं निमित्त नको. वारा पडेपर्यंत मी अशीच धरून थांबते. गर्डरला बांधलेल्या दोऱ्या खालून ताणून धरायला सांगा, बाकी मी बघते."

साहेब वारा मोजायचं यंत्र बघून म्हणाले, "ठीक. थांबा."

ती थांबली. खाली दोऱ्या धरलेली माणसं पाय रोवून उभी. काकूंना केबिनच्या काचेमागे लेकीचा फक्त आकार दिसत होता. आपलंच काळीज कुणीतरी हुकाला अडकवून वर टांगलंय असं त्यांना झालं. पण तो आकार जरासुद्धा हलला नाही. हळूहळू झोका कमी झाला, गर्डर सरळ झाला, आणि वर निघाला. दोन खांबांच्या मधल्या रिकाम्या जागेत तो असा बसला की जणू तिथंच घडवला होता.

वरून बोल्ट बसल्याचा इशारा आला. कुणीही सांगितलं नव्हतं, तरी एका ट्रकवाल्यानं भोंगा दाबला. मग दुसऱ्यानं, मग नदीतल्या बोटींनी. सगळ्या यंत्रांनी मिळून आकाश दणाणून सोडलं. मुकादमाची बायको रडत रडत टाळ्या वाजवत होती. काकू ताठ उभ्या राहिल्या. शेजारच्या अनोळखी माणसाला कोपरानं ढोसून त्या म्हणाल्या, "क्रेनवर आहे ना, ती माझी लेक."

"आणि फुलं?"

"ती मी केली. आणि फितीवर आहे ना, तो माझा नवरा." एवढं बोलताना त्यांचा आवाज एकदाही कापला नाही.

लेक शिडीनं खाली उतरली. घामानं स्वेटर भिजला होता. काकूंनी पिशवीतून एक छोटं चक्र काढलं, कोवळ्या पानांचं, बारीक पिवळ्या फुलांचं. लेकीलाही ते ठाऊक नव्हतं. हेल्मेटवरून ते काही बसेना.

"हेल्मेट काढ की."

"साइटवर चालत नाही, आई."

फोरमन घसा खाकरून सगळ्यांना म्हणाला, "चला रे, सगळे त्या कुंपणापलीकडे. तिथं साइट संपते. आणि नियम पण."

सगळी वरात कुंपणापलीकडे गेली. लेकीनं हेल्मेट काढलं, मान वाकवली, आणि काकूंनी तिच्या विस्कटलेल्या केसांवर चक्र ठेवलं. बरोब्बर बसलं. "अशी वाकलीस तर पडेल," काकू म्हणाल्या. "मान वर कर."

तिनं मान वर केली, तशी माणसांनी पुन्हा एकच गलका केला.

गर्दी पांगताना मोठे इंजिनिअर काकूंजवळ आले. वर बोट दाखवून म्हणाले, "काकू, ते चक्र सुकायच्या आत उतरवून तुमच्याकडे पाठवू का? जपून ठेवता येईल."

काकूंनी वर पाहिलं. उन्हात फीत फडफडत होती. अक्षरं इतक्या खालून वाचता येत नव्हती.

"राहू द्या तिथंच," त्या म्हणाल्या. "सुकेल, गळेल, नदीत जाईल. पुढच्या वर्षी मी दुसरं घेऊन येते. फक्त वर न्यायला माणूस तयार ठेवा."

"मी आहे ना," लेक म्हणाली, आणि डोक्यावरचं चक्र एका हातानं सावरत दुपारच्या कामासाठी हेल्मेट शोधू लागली.